सिझरनंतरची पहिली रात्र आणि केसपेपरवरचं ‘एसओएस’

(शिरूर आणि दौंड इथे लागोपाठच्या दोन संध्याकाळी झालेल्या व्याख्यानांचं हे एकत्रित शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

टीका पुस्तकावर होते, नाटकावर होते, सिनेमावर तर रोजच होते. आज आम्ही टीका करणार आहोत ती केसपेपरवर, आणि त्यातल्याही एकाच ओळीवर. सिझर झालेल्या बाईच्या केसपेपरवर ऑपरेशननंतरच्या सूचना लिहिलेल्या असतात. सलाईन किती, अँटिबायोटिक कोणतं, लघवीची नळी कधी काढायची, हे सगळं वेळेसकट. आणि खाली, बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत, दुखण्याचं औषध. त्याच्यापुढे तीन अक्षरं : एसओएस.

हे बुडत्या जहाजाचं एसओएस नव्हे. लॅटिनमधल्या ‘सी ओपुस सीट’ या शब्दांचं ते लघुरूप आहे. अर्थ, गरज पडल्यास. वाचायला किती समंजस वाटतं! उगाच औषध नको, लागलं तरच द्या. पण गरज पडली हे ठरवायचं कोणी? बाईने सांगायचं, नातेवाइकाने सिस्टरकडे जायचं, सिस्टरने केसपेपर काढायचा, औषध आणायचं, द्यायचं, आणि मग ते लागू पडायची वाट बघायची. प्रतिजैविकाच्या बाबतीत असं कोणी लिहीत नाही, की जंतुसंसर्गाची गरज पडल्यास द्या. दुखणं तेवढं मागून घ्यायचं.

आम्ही भूल देणारी माणसं. हे एसओएस आम्हीही वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे, तेव्हा ही टीका पहिल्यांदा आमच्यावरच आहे असं समजा.

हा विषय किती जणांचा आहे ते आधी बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, हाच आकडा २०.१ होता. म्हणजे चारातलं एक बाळंतपण. इथे या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या घरात, नाही तर शेजारच्या घरात, एक तरी सिझर झालेलं आहे. सिझर जास्त होतात का, गरज नसताना होतात का, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. तो आज नको. झालेलं सिझर गरजेचं असो की बिनगरजेचं, टाके दुखतातच.

आता एक रात्र डोळ्यांसमोर आणा. दौंडच्या बाजूच्या कुठल्याही छोट्या रुग्णालयातली, सरकारी म्हणा वा खाजगी. संध्याकाळी सहाला कमरेतून भूल दिली. पावणेसातपर्यंत बाळ बाहेर, टाके घालून पूर्ण, सगळे खूश. भूलतज्ज्ञ कॉलवर आलेला असतो, त्या रुग्णालयाचा कायमचा नसतो. रक्तदाब बघतो, कागदावर सही करतो आणि पाटसच्या रस्त्याने पुढच्या केसला निघतो. यात त्याचा आळस नाही, व्यवस्थाच तशी आहे. कमरेतली भूल, म्हणजे बुपिवॅकेनचं जड द्रावण, दोन-तीन तासांत उतरायला लागतं. म्हणजे कधी? साडेआठ-नऊला. आणि आठला ड्युटी बदललेली असते. दुपारपाळीच्या सिस्टर गेल्या, रातपाळीच्या आल्या, त्या वॉर्ड समजून घेतायत. दुखण्याबद्दल ज्याला सगळ्यात जास्त कळतं तो माणूस रस्त्यावर, ज्यांनी बाईला बघितलं त्या सिस्टर घरी, आणि नेमकी त्याच वेळी भूल उतरते. पायाला मुंग्या येतात, मग पाय हलतात, मग पोट जागं होतं.

आणि बाई मागत नाही. का मागत नाही? आमच्या अनुभवात याची उत्तरं तिच्या तोंडून कमी आणि कॉटच्या बाजूला बसलेल्यांच्या तोंडून जास्त मिळतात. “गोळीनं दूध आटतं.” “बाईच्या जातीला सोसायलाच लागतं.” आणि सगळ्यात टोचणारं वाक्य : “कळा तर सोसल्या नाहीस, निदान टाक्याचं तरी सोस.” म्हणजे सिझर ही जणू तिने घेतलेली सूट, आणि टाक्यांचं दुखणं ही तिची फेड. अशा बाईच्या केसपेपरवर आपण लिहितो, गरज पडल्यास.

आता विज्ञानाकडे येऊ, कारण औषध कधी द्यावं या प्रश्नावर गेल्या चाळीस वर्षांत बरीच शाई खर्च झाली आहे आणि तीही सगळी सत्कारणी लागलेली नाही. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी ‘नेचर’मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच जास्त संवेदनशील होतो. साधा स्पर्शही त्याला दुखायला लागतो. १९८८ मध्ये पॅट्रिक वॉल यांनी ‘पेन’ या नियतकालिकात मांडणी केली, की मग आपण वेदना मज्जारज्जूपर्यंत पोहोचायच्या आधीच अडवली तर? यातून एक फार आकर्षक कल्पना जन्माला आली : चिरा द्यायच्या आधीच औषध द्या, म्हणजे नंतरचं दुखणं कमी होईल. चोर यायच्या आधी कडी लावा. ऐकायला इतकं पटतं, की सगळ्या जगाला पटलं.

मग तपासणी झाली. २००२ साली मॉइनिके, केलेट आणि डाल या डेन्मार्कच्या तिघांनी ८० चाचण्या एकत्र घेऊन बघितल्या. तेच औषध चिऱ्याआधी दिलं काय आणि चिऱ्यानंतर दिलं काय, बहुतेक औषधांच्या बाबतीत फारसा फरक निघाला नाही. हेन्रिक केलेट हे काही वेदनाशमनाचे विरोधक नव्हेत. वेगवेगळी साधी औषधं एकत्र वापरून दुखणं चारी बाजूंनी घेरायचं, ही पद्धत ज्यांनी रुजवली त्यांतलेच ते. म्हणून त्यांच्या निष्कर्षाला वजन होतं. तरी कल्पना मेली नाही. तिला जिवंत ठेवणाऱ्यांत एक नाव होतं स्कॉट रुबेन, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधले भूलतज्ज्ञ. त्यांचे आधी गोळ्या द्या, खूप फायदा होतो असे निबंध वर्षानुवर्षं छापून येत होते, आम्हा सगळ्यांच्या शिकण्यात येत होते. २००९ मध्ये उघड झालं, की त्यातल्या २१ निबंधांतली माहिती बनावट होती. पुढच्या वर्षी ते तुरुंगात गेले. ते निबंध मुख्यतः हाडांच्या शस्त्रक्रियांवरचे होते, सिझरवरचे नव्हते, हे खरं. पण ‘आधी दिलं की झालं’ ही सवय त्यांनी जी लावली ती सगळ्यांनाच लागली.

तेव्हा आमचं पहिलं म्हणणं हे : सिझरच्या बाबतीत चिऱ्याआधी की चिऱ्यानंतर हा प्रश्न गरजेपेक्षा मोठा झाला आहे. कमरेतली भूल दिलेली असताना चिऱ्याच्या वेळी वेदना तशीही अडवलेलीच असते. खरा काटा येतो तो भूल उतरताना. प्रश्न असा विचारायला हवा, की भूल उतरायच्या आत दुसरं औषध लागू पडलेलं असेल का? आणि त्यानंतर ते तुटू न देता चालू राहील का?

एका ठिकाणी मात्र आधी-नंतरचा फरक अगदी खराखुरा आहे आणि तो बाळामुळे आहे. पॅरासिटॅमॉल आधी दिलं तरी चालतं. ठरवून केलेलं सिझर असेल तर तासभर आधी गोळी देतात. पण डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या कुळातली औषधं नाळ कापेपर्यंत द्यायची नाहीत. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळ एक वाहिनी असते, जिच्यामुळे रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं. ती वाहिनी उघडी राहावी म्हणून शरीर जे रसायन वापरतं, तेच ही औषधं तोडतात. शेवटच्या महिन्यांत ती वाहिनी अवेळी बंद होण्याचा धोका असतो. शिवाय बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली २० आठवड्यांपासूनच सावध राहायला सांगितलं ते यासाठी. म्हणून आठव्या महिन्यात कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून कोणतीही गोळी आणून घेऊ नका, हे जाता जाता सांगून ठेवतो. नाळ कापली, की मग हीच औषधं आईसाठी उपयोगी आणि दूध पाजतानाही चालणारी. दुधात त्यांचा अंश फार थोडा उतरतो. गोळीने दूध आटत नाही. उलट दुखतंय म्हणून बाई कुशीवर वळत नाही, उठून बसत नाही, बाळाला जवळ घेत नाही, आणि त्याने दूध यायला उशीर होतो.

आता ज्या मार्गदर्शक सूचना जगभर वाचल्या जातात त्यांच्याकडे वळू. ‘प्रॉस्पेक्ट’ नावाचा एक युरोपीय गट आहे, एकेका शस्त्रक्रियेसाठी दुखण्याचं काय करावं ते पुरावे बघून सांगणारा. सिझरवरच्या त्यांच्या शिफारशी २०२१ मध्ये ‘अनेस्थेशिया’ या नियतकालिकात आल्या. कमरेतल्या भुलेतच ५० ते १०० मायक्रोग्रॅम मॉर्फिन घाला. पॅरासिटॅमॉल आधी द्या, नाहीतर बाळ बाहेर आल्यावर शिरेतून द्या. बाळ आल्यावर डायक्लोफिनॅकच्या कुळातलं औषध आणि डेक्सामेथॅसोन द्या. मॉर्फिन घातलं नसेल तर जखमेत बधिरतेचं औषध भरा किंवा पोटाच्या थरांतला ब्लॉक द्या. नंतर पॅरासिटॅमॉल आणि दुसरं औषध नियमित चालू ठेवा. अफूच्या कुळातलं औषध फक्त एवढ्याने भागलं नाही तर.

शिफारशी चांगल्या आहेत. आमची तक्रार त्या चुकीच्या आहेत अशी नाहीच. तक्रार अशी आहे, की हा मजकूर ज्या जागी बसून लिहिलाय ती जागा त्यात दिसते. बघा, पहिली ओळच मॉर्फिनची. तो या इमारतीचा पाया, बाकी सगळं त्याच्यावरचे मजले. आपल्याकडच्या छोट्या रुग्णालयांत पाठीत घालण्याजोगं मॉर्फिन सहसा नसतंच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं असं जंगल उभं केलं, की मॉर्फिन ठेवण्यापेक्षा न ठेवणं सोपं झालं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. पण तीस वर्षांची सवय दुरुस्तीने लगेच जात नाही. म्हणजे शिफारशींमध्ये जे ‘मॉर्फिन नसेल तर’ म्हणून मधल्या ओळीत येतं, तो आपला मुख्य रस्ता आहे, आणि त्यांचा मुख्य रस्ता हा आपला अपवाद.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या विषयावरच्या पाश्चात्त्य, विशेषतः अमेरिकन चाचण्या वाचल्या तर यश कशात मोजतात? बाईने पहिल्या दिवसात मॉर्फिनसारखं औषध किती कमी घेतलं, यात. इतके मिलिग्रॅम वाचले, म्हणून पॅरासिटॅमॉल उपयोगी. त्यांच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. त्यांच्याकडे ८० हजारांवर सिझर झालेल्या बायकांची नोंद तपासणारा एक अभ्यास २०१६ साली आला. आधी कधीही ही औषधं न घेतलेल्या बायकांपैकी साधारण ३०० मागे एक, सिझरनंतर ती घेतच राहिली. त्यांचं घर जळतंय, त्यांना पाणी कुठे मारायचं ते कळतं. पण दौंडच्या वॉर्डात वाचवायला मॉर्फिन आहेच कुठे? इथे पॅरासिटॅमॉल वेळेवर दिलं नाही तर मॉर्फिन जास्त लागत नाही, नुसतं दुखतं. आणि ते दुखणं कोणत्याही तक्त्यात येत नाही. त्यांची मोजपट्टी आपल्या वॉर्डात आणली तर असं दिसेल, की शिरूर-दौंडच्या बायकांनी जगात सगळ्यात कमी अफू घेतली, म्हणजे आपलं वेदनाशमन जगात सर्वोत्तम! मोजमाप उसनं आणलं की अशी गंमत होते.

(एक खुलासा. आपल्याकडे ट्रामाडॉल सर्रास दिलं जातं आणि ते साधं दुखण्याचं इंजेक्शन समजलं जातं. ते अफूच्याच कुळासारखं काम करतं. एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सरकारने ते अमली पदार्थ कायद्याखाली आणलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली ट्रामाडॉल आणि कोडीन चालू असताना स्तनपान करू नये असा इशारा दिला. सगळ्या देशांतल्या तज्ज्ञांना तो इतका कडक हवा होता असं नाही. पण पॅरासिटॅमॉलची गोळी वेळेवर न देता रात्री दोनला ट्रामाडॉल टोचायचं, याला अर्थ नाही.)

आता आपल्या स्वतःच्या लिखाणावर येऊ. परक्यांवर टीका सोपी असते. समजा आम्ही एसओएस खोडलं आणि त्याऐवजी ‘टीडीएस’ लिहिलं, म्हणजे दिवसातून तीनदा. सुटला का प्रश्न? नाही. औषधाच्या पाकिटावर मेडिकलवाला काय लिहितो? एक-एक-एक. सकाळ, दुपार, रात्र. सकाळी आठ, दुपारी एक, रात्री आठ. आता बोटांवर मोजा. आठ ते एक पाच तास, एक ते आठ सात तास, आणि रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास! पॅरासिटॅमॉलचा असर चार ते सहा तास. म्हणजे दोन वाजता ती उघडी पडली. आणि बाळ कधी उठतं? दोनला, चारला. ज्या वेळी तिला सगळ्यात जास्त उठबस करायची आहे, त्याच वेळी तिच्या अंगात औषध नाही. दिवसातून तीनदा आणि दर आठ तासांनी या दोन गोष्टी लिहिताना सारख्या दिसतात, झोपताना सारख्या नसतात. पॅरासिटॅमॉल दर सहा तासांनी हवं. आणि ते रात्री दोनचं असेल तर बाईला उठवून द्यायचं. तशीही ती जागीच असते.

या पहिल्या रात्रीत आणखी एक मोडता आहे. ‘गॅस सुटेपर्यंत तोंडाने काही नाही.’ हा नियम आमच्या शिकण्याच्या दिवसांत पवित्र होता. तोंडाने काही नाही म्हणजे गोळीही नाही. मग इंजेक्शन, आणि इंजेक्शन म्हणजे पुन्हा मागितल्यावर. शस्त्रक्रियेनंतर लवकर बरं होण्यावर काम करणाऱ्या ‘इरास’ सोसायटीने २०१९ मध्ये सिझरनंतर दोन तासांत साधा आहार सुरू करायला सांगितलं. आम्ही दोन तासांचा हट्ट धरत नाही. बाई नीट जागी आहे, उलटी नाही, तर आधी घोटभर पाणी, मग चहा, मग पेज. आणि पेजेबरोबर गोळी. गॅस त्याची वाट बघत बसत नाही, तो चालल्याफिरल्याने सुटतो, आणि चालणं दुखणं कमी असेल तरच होतं.

डोसाचं गणितही परक्या पुस्तकातून तसंच उचलू नका. पुस्तकात एक ग्रॅम दर सहा तासांनी, दिवसाला चार ग्रॅम. ते पुस्तक सत्तर किलोच्या बाईचं. आपल्याकडे बाळंत झालेली, ऊसतोडीहून आलेली बाई ४४ किलोचीही असते. ५० किलोच्या खाली किलोला १५ मिलिग्रॅम हा हिशेब. ४४ गुणिले १५, ६६०. आपल्या बाजारात ६५० ची गोळी मिळतेच. दर सहा तासांनी एक, दिवसाला २६०० मिलिग्रॅम. नेमकं बसलं.

मग काय करता येईल? आमचा भर थिएटरमधल्या शेवटच्या दहा मिनिटांवर आहे, कारण त्यानंतर भूलतज्ज्ञ तिथे नसतो. टाके घालून होतायत, भूल अजून पूर्ण आहे. तेव्हाच पॅरासिटॅमॉलची शंभर मिलिलिटरची बाटली चालू करायची, पंधरा मिनिटांत जाते. बाईचं वजन कमी असेल तर पूर्ण बाटली द्यायची नाही. डायक्लोफिनॅकची सपोझिटरी तेव्हाच ठेवायची. बाईला ते कळतही नाही, संकोच नाही, आणि तासाभरात ती काम करायला लागते, म्हणजे भूल उतरायच्या बरीच आधी. ही पद्धत आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे आणि ती आपली चांगली पद्धत आहे. कोणत्याही परदेशी कागदाची वाट न बघता रुजलेली. तिसरं, कातडीचे टाके घालण्याआधी सर्जनने जखमेच्या कडांत बधिरतेचं औषध भरायचं. पाव टक्क्याचं बुपिवॅकेन २० मिलिलिटर म्हणजे ५० मिलिग्रॅम, सोनोग्राफीचं मशीन नको, वेगळी सुई नको. ब्लॉक ज्यांना येतो त्यांनी ब्लॉक द्यावा. पण ज्यांना येत नाही त्यांनी ‘ब्लॉक नाही म्हणून काहीच नाही’ असं करू नये.

आणि मग कागद. एसओएस नाही, टीडीएस नाही. घड्याळाची वेळ लिहायची. पॅरासिटॅमॉल : रात्री १, सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ७. ड्युटी बदलली तरी घड्याळ बदलत नाही. सिस्टरलाही हे बरं, कारण ‘गरज आहे की नाही’ हे ठरवायचं ओझं तिच्या डोक्यावरून जातं. एका वॉर्डात रात्री एकच सिस्टर आणि प्रसूतिगृहही तिच्याकडेच, हे आम्हाला माहीत आहे. अशा वेळी ‘मागेल तेव्हा’ हे काम जास्त आहे, ‘एक वाजता सगळ्यांना’ हे कमी.

सपोझिटरी ठेवल्याचं मात्र ठळक लिहा. का? डायक्लोफिनॅकची दिवसाची कमाल १५० मिलिग्रॅम. थिएटरमध्ये १०० गेलं. रातपाळीच्या सिस्टरला ते कोणी सांगितलं नाही, बाई कण्हतेय म्हणून तिने ७५ चं इंजेक्शन दिलं. १७५ झालं. चूक सिस्टरची नाही, न लिहिणाऱ्याची आहे. आणि हे औषध सगळ्यांना चालत नाही. मूत्रपिंडाला इजा, लघवी कमी, प्लेटलेट घसरलेल्या, रक्तस्राव अजून थांबलेला नाही, अल्सर, दमा वाढवणारी ॲलर्जी, इथे पॅरासिटॅमॉल आणि जखमेतलं औषध यांवरच भागवायचं. नुसतं बीपी वाढलेलं होतं म्हणून सरसकट नाकारायची मात्र गरज नाही, लघवी आणि रक्त तपासून ठरवता येतं.

कोणी म्हणेल, एका रात्रीचं दुखणं, एवढं काय? २००८ साली आयझेनाख आणि सहकाऱ्यांनी १२८८ बाळंतिणींचा पाठपुरावा केला. बाळंतपण नैसर्गिक की सिझर यापेक्षा पहिल्या दिवशीचं दुखणं किती तीव्र होतं, यावरून पुढचं जास्त कळलं. ज्यांना तीव्र दुखलं त्यांच्यात आठ आठवड्यांनी दुखत राहण्याची शक्यता अडीच पट आणि नैराश्याची तिप्पट होती. दुखण्यानेच नैराश्य आलं असं यातून सिद्ध होत नाही, दोन्हींच्या मुळाशी तिसरंच काही असू शकतं. पण जिला कोणी विचारलं नाही ती बाई ओळखायची ही एक खूण आहे.

विचारायचं तरी कसं? ‘दुखतंय का’ विचारलं की ‘थोडं’ हे उत्तर ठरलेलं. अमेरिकेत १९९० च्या दशकात दुखण्याला पाचवी महत्त्वाची खूण म्हणून शून्य ते दहा आकड्यांत मोजायला लागले, आणि आकडा खाली आणायच्या नादात अफूच्या गोळ्या वाटल्या. तो धडा विसरू नये. आम्ही असं विचारतो : कुशीवर वळता येतं का? खोकता येतं का? बाळाला स्वतः उचलून घेतलं का? या तीन प्रश्नांची उत्तरं खोटी देता येत नाहीत.

शिरूर तालुक्याला तर मोजणं नवीन नाही. वढूला केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचा उपक्रम २००२ पासून शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांतला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, प्रत्येक स्थलांतर नोंदवत आला आहे. आपल्या मागणीला एवढ्याचीही गरज नाही. एखाद्या रुग्णालयाने गेल्या महिन्यातले सिझरचे केसपेपर काढावेत आणि दोनच गोष्टी बघाव्यात : दुखण्याचं पहिलं औषध भूल दिल्यापासून किती वेळाने गेलं, आणि रात्री दहा ते सकाळी सहा यांत किती डोस गेले. एका दुपारचं काम आहे.

शिरूरला एका आजींनी विचारलं, कमरेतल्या सुईनं कंबर जन्माची दुखते, त्याचं काय? आजी, सुई टोचली तिथे चार-आठ दिवस दुखू शकतं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा तिच्याशी संबंध आढळलेला नाही. ज्यांना सुई टोचली नाही त्यांचीही कंबर बाळंतपणानंतर दुखते. बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी मात्र त्या सुईमुळे होऊ शकते. ती लपवू नका, तिच्यावर उपाय आहे.

आणि दौंडला मागच्या रांगेतून एका तरुणाने विचारलं, बायकोचं सिझर पुढच्या महिन्यात ठरलंय, मोबाईलला गजर लावला तर चालेल का? चालेल की. पण आधी सिस्टरना विचारून वेळा ठरवा आणि सलाईनमधून गेलेलं पॅरासिटॅमॉलही मोजणीत धरा. घरी सोडताना दिलेल्या गोळ्यांवरची नावं वाचा. आपल्याकडे जोडगोळ्या फार आहेत, ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटॅमॉल एकाच गोळीत. ती आणि वेगळी पॅरासिटॅमॉल अशा दोन्ही चालू राहिल्या तर डोस दुप्पट होतो. दुखणं रोज कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वाढायला लागलं, ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा पोटरी सुजली, तर गजर बंद करून दवाखाना गाठा, गोळी वाढवू नका. आणि बहुतेकींना आठवड्याभरात गोळी लागेनाशी होते, तेव्हा उरलेली पाकिटं पुढच्या कोणासाठी फडताळात ठेवू नका.